एनजिनएक्स: सोर्समधून बांधायचा की पॅकेजवरच राहायचं? (ब्रॉटली आणि एचटीटीपी/३ हवंय)

पोर्ट_ऐंशी

सर्व्हर डेबियन १२. ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने) टाकलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर, १.२२.१, चालू आहे. चार साइट, सगळ्या टीएलएसवर, त्यातल्या दोन पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी चालवणारी वेगळी सेवा). आता ब्रॉटली (उत्तरं दाबून पाठवायची पद्धत) आणि एचटीटीपी/३ (एचटीटीपीची नवी, यूडीपीवर चालणारी आवृत्ती) दोन्ही हवंय. एचटीटीपी/३ मूळ एनजिनएक्समध्ये १.२५.० पासून आलं, त्यामुळे डेबियनच्या १.२२ मध्ये ते मिळणार नाही हे उघड आहे. म्हणून १.२८.० चा टारबॉल उतरवून कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या क्रमाने बांधला. सध्याची स्थिती:

– कॉन्फिगर आधी "एचटीटीपी रीराइट मॉड्यूलला पीसीआरई लायब्ररी लागते" म्हणून थांबला, मग तसाच झेडलिबसाठी. दोन्हींची डेव्ह पॅकेजं टाकल्यावर पुढे गेला.
– सिस्टिमसीटीएलने रीस्टार्ट दिला की अजूनही १.२२.१ च उठतो.
– /यूएसआर/लोकल/एनजिनएक्स/एसबिन मधला नवा हाताने चालवला तर "बाइंड टू ०.०.०.०:८० फेल्ड, ९८: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज".
– जुना थांबवून नव्याला /ईटीसी/एनजिनएक्स मधली कॉन्फिग दिली तर "अननोन डिरेक्टिव्ह एसएसएल_प्रोटोकॉल्स".

प्रश्न असे: हा गुंता कसा सोडवायचा, या दोन सुविधांसाठी सगळा सर्व्हर सोर्समधून बांधणं खरंच गरजेचं आहे का, आणि तसं केलं तर पुढच्या सुरक्षा अपडेटचं काय?

लॉगवाचक

गरजेचं नाही. पण आधी चारही लक्षणांची कारणं, कारण ती कळली की गुंता आपोआप सुटतो.

सोर्समधल्या एनजिनएक्सचा डिफॉल्ट प्रीफिक्स /यूएसआर/लोकल/एनजिनएक्स असतो. बायनरी, कॉन्फिग, लॉग, पिड फाइल, सगळं त्या एका फोल्डरखाली. पॅकेजची बायनरी /यूएसआर/एसबिन मध्ये आणि सिस्टिमडीची (सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) युनिट फाइल तिलाच ओळखते. मेक इन्स्टॉल युनिट फाइलला हातही लावत नाही, म्हणून रीस्टार्टने जुनाच उठतो. तो उठलेला असल्यामुळे पोर्ट ८० त्याच्याकडे, म्हणून नव्याला एरर ९८. आणि एसएसएल मॉड्यूल सोर्समध्ये बाय डिफॉल्ट बंद असतं. --विथ-एचटीटीपी_एसएसएल_मॉड्यूल दिलं नाही तर एसएसएलने सुरू होणारी एकही ओळ त्या बायनरीला कळत नाही. एचटीटीपी/२ आणि एचटीटीपी/३ चेही स्वतंत्र फ्लॅग आहेत. थोडक्यात, तुमचा नवा १.२८.० चालला असता तरी एचटीटीपी/३ त्यात नव्हतंच.

सफाई: हाताने चालवलेला नवा एनजिनएक्स उरला असेल तर त्याच्याच पूर्ण पाथने "-एस क्विट" द्या. "एसएस -एलटीएनपी" ने पोर्ट ८० आणि ४४३ कोणाच्या हातात आहेत ते बघा. मग /यूएसआर/लोकल/एनजिनएक्स हे फोल्डर सरळ उडवा. एनजिनएक्सच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नावाचं टार्गेटच नाही, पण प्रीफिक्स बदललेला नसल्याने बाहेर कुठे काही सांडलेलं नाही.

आता एचटीटीपी/३. एनजिनएक्स.ऑर्गचा स्वतःचा ॲप्ट रेपो आहे आणि त्यातल्या पॅकेजमध्ये १.२५ पासून व्ही३ मॉड्यूल बांधूनच येतं. पायऱ्या:

१. /ईटीसी/एनजिनएक्स चा टार करून वेगळ्या जागी ठेवा.

२. रेपोची सही-किल्ली उतरवा, जीपीजीच्या डीआर्मरने /यूएसआर/शेअर/कीरिंग्ज मध्ये टाका आणि तिचा फिंगरप्रिंट त्यांच्या पानावरच्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. ॲप्ट-की वापरायला सांगणाऱ्या जुन्या सूचना सोडून द्या. त्या पद्धतीत टाकलेली किल्ली सगळ्याच रेपोंसाठी विश्वासू ठरते. सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या ओळीत साइन्ड-बाय देऊन किल्ली फक्त याच रेपोपुरती बांधा.

३. /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये एनजिनएक्स.ऑर्गसाठी पिन प्रायॉरिटी ९०० ठेवा. नंतर "ॲप्ट पॉलिसी एनजिनएक्स" चालवून कॅन्डिडेट कुठून येतोय ते डोळ्यांनी बघा. ही पायरी लोक गाळतात.

४. डेबियनचा एनजिनएक्स रिमूव्ह करा, पर्ज नको. पर्जने कॉन्फिग फाइलही जातात. स्निपेट्स फोल्डरमधली फास्टसीजीआय-पीएचपी.कॉन्फ ही फाइल डेबियनची आहे, एनजिनएक्स.ऑर्गच्या पॅकेजात ती नाही. पीएचपीच्या दोन साइटींमध्ये तिचा इन्क्लूड असणार.

५. नवा इन्स्टॉल करा, "एनजिनएक्स -टी" ने कॉन्फिग तपासा, मगच सुरू करा.

खड्डे तीन आहेत. इन्स्टॉल करताना एनजिनएक्स.कॉन्फ जुनी ठेवायची की नवी घ्यायची असं ॲप्ट विचारेल. नवी घेतलीत तर ती फक्त कॉन्फ.डी मधल्या फाइल वाचते. साइट्स-इनेबल्ड ही डेबियनची पद्धत आहे, तिचा इन्क्लूड नव्या फाइलमध्ये नसतो. सर्व्हर व्यवस्थित उठेल, एकही एरर येणार नाही आणि चारही साइटींच्या जागी पोर्ट ८० वर एनजिनएक्सचं स्वागताचं पान दिसेल. दुसरा खड्डा युजरचा. डेबियनमध्ये वर्कर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरने चालतात, एनजिनएक्स.ऑर्गच्या फाइलमध्ये युजर "एनजिनएक्स". पीएचपी-एफपीएमच्या सॉकेटची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाकडे, त्यामुळे पीएचपीच्या साइटींना ५०२ आणि एरर लॉगमध्ये "१३: परमिशन डिनाइड". तिसरा: जुनी फाइल ठेवलीत तर तिच्यातली मॉड्यूल्स-इनेबल्ड ची ओळ बघा. त्या फोल्डरमध्ये १.२२ साठी बांधलेल्या मॉड्यूलचा दुवा उरला असेल तर नवा एनजिनएक्स सुरूच होणार नाही.

माझं मत: जुनी एनजिनएक्स.कॉन्फ ठेवा आणि मॉड्यूल्स-इनेबल्ड रिकामं करा. युजर आणि साइट्स-इनेबल्ड, दोन्ही प्रश्न उद्भवतच नाहीत.

मेकफाइल

वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत, एक गोष्ट सोडून. आधी हे ठरवा की एचटीटीपी/३ खरोखर हवंय का. नुसती ब्रॉटली हवी असेल तर रेपो बदलायचीही गरज नाही. डेबियन १२ मध्येच लिबएनजिनएक्स-मॉड-एचटीटीपी-ब्रॉटली-फिल्टर आणि त्याचा जोडीदार -स्टॅटिक अशी पॅकेजं आहेत. ॲप्टने टाकली की संपलं. एनजिनएक्सचं अपडेट आलं तर मॉड्यूलची जबाबदारी डेबियनची. कुठलंही मॉड्यूल हवं असेल तर सोर्सकडे वळण्याआधी "ॲप्ट सर्च लिबएनजिनएक्स-मॉड" एकदा मारून बघा, यादी बरीच लांब आहे.

दोन्ही हवंच असेल तर मात्र ब्रॉटली डायनॅमिक मॉड्यूल म्हणून स्वतः बांधावी लागेल. सर्व्हर पॅकेजचा, मॉड्यूल तेवढं घरचं. डायनॅमिक मॉड्यूलची सोय १.९.११ पासून आहे आणि --विथ-कॉम्पॅट १.११.५ पासून. या कॉम्पॅटमुळे पॅकेज बांधताना वापरलेले सगळे फ्लॅग जसेच्या तसे उतरवावे लागत नाहीत. दोन्हीकडे कॉम्पॅट असलं आणि आवृत्ती तंतोतंत तीच असली की पुरे. पॅकेजमध्ये कॉम्पॅट आहे का ते कॅपिटल व्हीने, म्हणजे "एनजिनएक्स -व्ही" च्या मोठ्या अक्षरातल्या रूपाने कळतं. छोट्या व्हीला फक्त आवृत्ती येते.

क्रम असा. बिल्ड-इसेन्शियल, सीमेक, गिट, लिबपीसीआरई२-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह एवढं लागेल. नुसतं मॉड्यूल बांधायचं असलं तरी कॉन्फिगर पीसीआरई आणि झेडलिब तपासतोच. एनजीएक्स_ब्रॉटलीचा रेपो सबमॉड्यूलसकट क्लोन करा, नाहीतर डेप्स/ब्रॉटली रिकामं राहतं. त्या फोल्डरात आउट नावाचं फोल्डर करून सीमेक चालवा: बिल्ड टाइप रिलीज, शेअर्ड लायब्ररी बंद, टार्गेट ब्रॉटलीएन्क. मग एनजिनएक्सच्या सोर्समध्ये येऊन:

./कॉन्फिगर --विथ-कॉम्पॅट --ॲड-डायनॅमिक-मॉड्यूल=../एनजीएक्स_ब्रॉटली
मेक मॉड्यूल्स

मेक इन्स्टॉल अजिबात नाही. ऑब्जेस फोल्डरमध्ये दोन .एसओ फाइल मिळतील, एक फिल्टरची, एक स्टॅटिकची. त्या /यूएसआर/लिब/एनजिनएक्स/मॉड्यूल्स मध्ये ठेवा आणि एनजिनएक्स.कॉन्फच्या अगदी वर, इव्हेंट्स ब्लॉकच्याही आधी, दोन लोड_मॉड्यूल ओळी घाला. एचटीटीपी ब्लॉकच्या आत घातल्या तर तिथे ही डिरेक्टिव्ह चालत नाही म्हणून एरर येतो.

एक सावधगिरी. ब्रॉटली बांधायच्या सूचनांमध्ये सी कंपाइलरसाठी -मार्च=नेटिव्ह असा फ्लॅग दिलेला असतो. ज्या मशीनवर बांधलं तिथेच चालवणार असाल तर ठीक. पण बिल्ड एका मशीनवर आणि .एसओ दुसऱ्या, जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर नेली तर वर्कर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" देऊन पडतात, आणि तेही सुरू होताना नाही, पहिली ब्रॉटलीची विनंती आल्यावर. एनजिनएक्स -टी हे पकडू शकत नाही. तो फ्लॅग काढूनच बांधा.

ब्रॉटली_कॉम्प_लेव्हल डिफॉल्ट ६ आहे, ११ पर्यंत जातो. चालू उत्तरं दाबायला ४ ते ६ पुरे. ११ लावायचा असेल तर सीएसएस, जेएस अशा स्थिर फाइली आधीच .बीआर करून ठेवा आणि ब्रॉटली_स्टॅटिक चालू करा. प्रत्येक विनंतीला ११ म्हणजे सीपीयू जाळणं. आणि जीझिप बंद करू नका, ब्रॉटली न समजणारे क्लायंट त्यावर जातात.

पोर्ट_ऐंशी

दोन्ही हवंच आहे, म्हणून एनजिनएक्स.ऑर्गच्या रेपोवर गेलो. साइट चालू आहेत, ५०२ नाही. मॉड्यूल लोड होत नाही मात्र: "मॉड्यूल एनजीएक्स_एचटीटीपी_ब्रॉटली_फिल्टर_मॉड्यूल.एसओ व्हर्जन १०२८००० इन्स्टेड ऑफ १०२९००१". मॉड्यूल १.२८.० च्या त्याच सोर्समधून बांधलंय, कॉम्पॅट दोन्हीकडे आहे.

आणि एक जोडप्रश्न. आणखी एक सर्व्हर आहे जिथे बाहेरचा रेपो जोडायची परवानगीच नाही, सगळं सोर्समधून बांधावं लागणार. तिथे नीट कसं करायचं?

मेकफाइल

आकडा फोडून वाचा: १, ०२९, ००१. म्हणजे चालू सर्व्हर १.२९.१ आहे. रेपोच्या ओळीत पाथमध्ये मेनलाइन आलंय. एनजिनएक्समध्ये मधला आकडा सम असेल तर स्टेबल, विषम असेल तर मेनलाइन. मेनलाइन वाईट नाही, नव्या दुरुस्त्या आधी तिथेच येतात, पण ती वरचेवर हलते आणि प्रत्येक हालचालीला तुमचं मॉड्यूल पुन्हा बांधावं लागेल. घरचं मॉड्यूल असताना स्टेबल सोयीची. पाथमधला मेनलाइन शब्द काढा, अपडेट करा, स्टेबलची आवृत्ती नेमून इन्स्टॉल करा. हा डाउनग्रेड असल्याने ॲप्ट तसं सांगून विचारेल, -वाय सोबत चालवलंत तर --अलाऊ-डाउनग्रेड्स द्यावं लागेल. मग "एनजिनएक्स -व्ही" जी आवृत्ती दाखवेल तिचाच सोर्स उतरवून मॉड्यूल पुन्हा बांधा.

हाच एरर उद्या ॲप्ट अपग्रेडनंतर येईल, आणि तेव्हा तो गंभीर असेल: नवी बायनरी, जुनं मॉड्यूल, रीस्टार्टला सर्व्हर उठणारच नाही. म्हणून "ॲप्ट-मार्क होल्ड एनजिनएक्स" करा आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू असेल तर तिथेही हे पॅकेज वगळा. पण होल्ड लावून विसरलात तर सुरक्षा दुरुस्तीही अडते. तेव्हा क्रम पाठ ठेवा: नवी आवृत्ती आली की आधी मॉड्यूल बांधा, मग होल्ड काढा, अपग्रेड आणि .एसओ एकाच वेळी बदला, -टी, रीस्टार्ट, पुन्हा होल्ड.

दुसऱ्या सर्व्हरचं खाली कोणी लिहिलं तर बरं, मी फक्त एवढंच सुचवतो की तिथेही मेक इन्स्टॉलऐवजी डेब पॅकेज बांधा. डेब-एसआरसी ओळ चालू असेल तर "ॲप्ट सोर्स एनजिनएक्स", "ॲप्ट बिल्ड-डेप एनजिनएक्स", डेबियन/रूल्स मध्ये हवा तो फ्लॅग, डीसीएच --लोकल ने आवृत्तीला स्वतःची शेपटी, आणि डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी. यातून आवृत्ती डेबियनचीच राहते, पण फ्लॅग तुमचे, आणि काढायला-घालायला ॲप्ट.

सोर्सधारी

निखळ सोर्सचं लिहितो.

टारबॉलसोबत .एएससी सही मिळते. जीपीजीने पडताळा आणि मगच उघडा. रूटने बांधू नका. कॉन्फिगर आणि मेक साध्या युजरने करा, रूट फक्त मेक इन्स्टॉलला. पीसीआरई नको म्हणून --विदाउट-एचटीटीपी_रीराइट_मॉड्यूल देण्याचा सल्ला सापडतो, तो घेऊ नका. रीराइट आणि रिटर्न दोन्ही त्याच मॉड्यूलमध्ये आहेत. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसला वळवणारी साधी ओळही चालणार नाही.

लागणारे फ्लॅग किमान हे: --विथ-एचटीटीपी_एसएसएल_मॉड्यूल, --विथ-एचटीटीपी_व्ही२_मॉड्यूल, --विथ-एचटीटीपी_व्ही३_मॉड्यूल, --विथ-एचटीटीपी_रिअलआयपी_मॉड्यूल (पुढे प्रॉक्सी असेल तर), --विथ-एचटीटीपी_स्टब_स्टेटस_मॉड्यूल, --विथ-थ्रेड्स, --विथ-कॉम्पॅट. पाथचे फ्लॅग वेगळे: प्रीफिक्स, कॉन्फ-पाथ, एरर-लॉग-पाथ, एचटीटीपी-लॉग-पाथ, पिड-पाथ, लॉक-पाथ, आणि टेम्प फोल्डरांचे. संपूर्ण ओळ एका शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि ती गिटमध्ये टाका. पुढच्या आवृत्तीला तीच लागणार आहे. हरवली तरी चालू बायनरी कॅपिटल व्हीला ती सांगते, पण मॉड्यूलांचे स्थानिक पाथ तोवर पुसले गेलेले असतात.

पिड-पाथवर जास्त वेळ घालवा, सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात. सिस्टिमडीची युनिट साधारणतः टाइप=फोर्किंग आणि पिडफाइल=/रन/एनजिनएक्स.पिड अशी लिहिलेली असते. सोर्सचा डिफॉल्ट पिड मात्र प्रीफिक्सखालच्या लॉग्ज फोल्डरात. मग होतं असं: एनजिनएक्स उठतो, साइट दिसतात, पण सिस्टिमसीटीएल स्टार्टचा प्रॉम्प्ट परत येत नाही. सिस्टिमडी त्या पिड फाइलची वाट बघत राहतो आणि डिफॉल्ट ९० सेकंद संपले की टाइमआउट म्हणून चालू सर्व्हर मारतो. साइट दीड मिनिट चालते आणि पडते, पुन्हा सुरू केली की पुन्हा दीड मिनिट. हे लक्षण दिसलं की लॉग चाळण्याआधी दोन्हीकडचे पिड पाथ शेजारी ठेवून बघा. युनिटमध्ये एक्झेकस्टार्टप्री म्हणून "-टी" ची ओळ आणि एक्झेकरीलोडला "-एस रीलोड" ही हवी. युनिट बदलल्यावर डेमन-रीलोड.

टेम्प फोल्डर: एनजिनएक्स स्वतः फोल्डर बनवतो, पण शेवटची पातळीच. /व्हार/कॅशे/एनजिनएक्स/क्लायंट_टेम्प दिलं आणि /व्हार/कॅशे/एनजिनएक्स अस्तित्वात नसेल तर "एमकेडीआयआर फेल्ड, २". हाताने एकदा बनवा. युजरही आपला आपण बनवायचा. सिस्टिम युजर, लॉगिन शेल नाही. नसेल तर "गेटपीडब्ल्यूनॅम एनजिनएक्स फेल्ड".

ओपनएसएसएल. इथे सोर्सची खरी किंमत दिसते. --विथ-ओपनएसएसएल ला सोर्सचं फोल्डर दिलं तर ओपनएसएसएल बायनरीच्या पोटात स्टॅटिक जातं. त्यानंतर ॲप्टने लिबएसएसएल कितीही अपडेट केलं तरी तुमच्या एनजिनएक्सला त्याचा पत्ता नसतो. ओपनएसएसएलमध्ये भोक निघालं की संपूर्ण एनजिनएक्स पुन्हा बांधायचा. तो फ्लॅग दिला नाही तर सिस्टिमची लायब्ररी डायनॅमिक जोडली जाते. एलडीडी ने बायनरी तपासा, लिबएसएसएल दिसलं पाहिजे. तरीही अपडेटनंतर रीलोड पुरत नाही. रीलोडमध्ये मास्टर प्रोसेस तीच राहते, तिच्यात जुनी लायब्ररी मेमरीत असते, आणि नवे वर्कर तिच्यातूनच फुटतात. पूर्ण रीस्टार्ट हवा.

डेबियन १२ च्या ओपनएसएसएल ३.० मध्ये क्विकसाठीचा (एचटीटीपी/३ ज्यावर चालतं त्या प्रोटोकॉलसाठीचा) एपीआय नाही. तरी व्ही३ मॉड्यूल बांधता येतं, एनजिनएक्स आपला कंपॅटिबिलिटी थर वापरतो. उणीव एकच, अर्ली डेटा (हॅन्डशेक पूर्ण होण्याआधीच पाठवलेला डेटा) मिळत नाही. तेवढ्यासाठी बोरिंगएसएसएल किंवा क्विकटीएलएस पोटात घालून बांधायचं का, तर बहुतेकांनी नको. वरच्या परिच्छेदातलं ओझं कायमचं मागे लागतं.

आवृत्ती बदलताना: मेक इन्स्टॉल जुनी बायनरी एनजिनएक्स.ओल्ड नावाने बाजूला ठेवतो आणि तुमची एनजिनएक्स.कॉन्फ पुसून नवी लिहीत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कनेक्शन न तोडता बदलायचं असेल तर जुन्या मास्टरला यूएसआर२ सिग्नल. तो पिड फाइलला .ओल्डबिन जोडतो आणि नवी बायनरी शेजारी उठवतो. मग जुन्या मास्टरला विंच, त्याचे वर्कर हातातली कामं संपवून जातात. नवा नीट चालतोय असं दिसलं की जुन्याला क्विट. बिघडलं तर जुन्या मास्टरला हप द्या, त्याचे वर्कर परत येतात, आणि नव्याला क्विट. जुना मास्टर जिवंत आहे तोवर माघार सोपी, म्हणून क्विट द्यायची घाई करू नका.

प्रीफोर्क

हा धागा शोधत अपाचेवालेही येतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. एचटीटीपीडी २.४ (अपाचे सर्व्हर) सोर्समधून बांधताना पहिला अडसर एपीआर, अपाचेची पायाभूत लायब्ररी. एपीआर आणि एपीआर-यूटिल यांचे टारबॉल एसआरसीलिब/एपीआर आणि एसआरसीलिब/एपीआर-यूटिल या नेमक्या नावांनी ठेवायचे, फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा राहता कामा नये, आणि --विथ-इन्क्लूडेड-एपीआर द्यायचं. किंवा सिस्टिमची डेव्ह पॅकेजं घ्या, ते बरं. मेक मध्येच "एक्सपॅट.एच सापडत नाही" म्हणून तुटला तर लिबएक्सपॅट१-डेव्ह राहिलंय. डिफॉल्ट प्रीफिक्स /यूएसआर/लोकल/अपाचे२. कॉन्फिगरची तुमची ओळ कॉन्फिग.नाइस या फाइलमध्ये जपलेली असते, पुढच्या आवृत्तीला तीच चालवायची. ही सोय एनजिनएक्समध्ये नाही. ए२एनमॉड, ए२एनसाइट या डेबियनच्या स्क्रिप्ट आहेत, सोर्समध्ये त्या शोधत बसू नका. मॉड_पीएचपी थ्रेडसेफ बांधलेलं नसेल तर इव्हेंट एमपीएमसोबत (विनंत्या थ्रेडवर हाताळणारं अपाचेचं मॉड्यूल) अपाचे सुरू व्हायलाच नकार देतो. प्रीफोर्कवर जा, किंवा एफपीएम घ्या. मी एफपीएमच म्हणेन.

आणि मूळ तिसऱ्या प्रश्नाला कोणी नीट हात घातला नाही. पॅकेजचा आकडा जुना दिसतो म्हणजे ते असुरक्षित आहे असं नव्हे. डेबियन, रेड हॅट वगैरे सुरक्षा दुरुस्ती जुन्या आवृत्तीत मागे आणून बसवतात. १.२२.१ तसाच राहतो, बदलते ती पुढची डेबियनची शेपटी. नुसता मुख्य आकडा वाचणारे स्कॅनर त्यावर लाल शेरे मारतात. शेऱ्यातला सीव्हीई क्रमांक (त्रुटीचा जाहीर ओळखक्रमांक) "ॲप्ट चेंजलॉग एनजिनएक्स" मध्ये शोधा, रेड हॅटकडे "आरपीएम -क्यू --चेंजलॉग". सापडला तर शेरा खोटा. या शेऱ्यांना घाबरून लोक सोर्सवर जातात आणि मग दोन-दोन वर्षं तीच बायनरी चालवतात, म्हणजे होतं तेही संरक्षण घालवतात. सोर्स निवडलात तर एनजिनएक्स, ओपनएसएसएल आणि प्रत्येक मॉड्यूल यांच्या सुरक्षा सूचनांची यादी कोण वाचणार, हे नाव आधी ठरवा.

रेड हॅट कुळात आणखी एक: फाइली होम फोल्डरमधून एमव्हीने हलवल्या तर त्यांचं एसई-लिनक्स (लिनक्सची जादा परवानगी-व्यवस्था) लेबल जुनंच राहतं. परवानग्या ७५५ असूनही ४०३. रिस्टोरकॉन -आरव्ही. आणि प्रॉक्सी करताना ५०२ सोबत "१३: परमिशन डिनाइड" आला तर एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट चालू करा, एसई-लिनक्सच बंद करू नका.

पोर्ट_ऐंशी

स्टेबलवर आलो, मॉड्यूल पुन्हा बांधलं, ब्रॉटली चालू. कर्लला "ॲक्सेप्ट-एन्कोडिंग: बीआर" दिलं की उत्तरात बीआर येतो. एचटीटीपी/३ साठी चारही सर्व्हर ब्लॉकमध्ये "लिसन ४४३ क्विक रीयूजपोर्ट" घातलं तर "डुप्लिकेट लिसन ऑप्शन्स". एकात ठेवून बाकीच्यांतली ओळ काढली तर एरर जातो, पण ब्राउझर एचटीटीपी/२ च दाखवतो.

लॉगवाचक

रीयूजपोर्ट एका पत्ता-पोर्टच्या जोडीला एकदाच. पहिल्या ब्लॉकमध्ये "लिसन ४४३ क्विक रीयूजपोर्ट", उरलेल्या तिघांत नुसतं "लिसन ४४३ क्विक". ओळ काढायची नव्हती, फक्त तो शब्द. प्रत्येकात "लिसन ४४३ एसएसएल" ही ओळही राहूच द्या, क्विक तिची जागा घेत नाही. लिसनच्या ओळीत एचटीटीपी२ लिहायची पद्धत १.२५.१ पासून जुनी झाली, आता "एचटीटीपी२ ऑन" ही स्वतंत्र ओळ.

ब्राउझर सहसा पहिली विनंती टीसीपीवरच करतो. एचटीटीपी/३ आहे हे त्याला ऑल्ट-एसव्हीसी हेडरमधून कळतं: ॲड_हेडर ऑल्ट-एसव्हीसी, किंमत एच३=":४४३"; एमए=८६४००. लक्षात घ्या, एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये स्वतःची ॲड_हेडर ओळ असेल तर वरच्या पातळीवरच्या सगळ्या ॲड_हेडर तिथे गळतात. त्या लोकेशनमध्ये ऑल्ट-एसव्हीसी पुन्हा लिहा. एसएसएल_प्रोटोकॉल्स मध्ये टीएलएस १.३ हवंच, क्विक त्याशिवाय चालत नाही.

एवढं करूनही एच२ च दिसलं तर फायरवॉल. ४४३ टीसीपी उघडं असतं, यूडीपी राहतं. सर्व्हरवरची फायरवॉल आणि होस्टिंगच्या पॅनेलमधली वेगळी फायरवॉल, दोन्हीकडे बघा. "एसएस -एलयूएनपी" ला ४४३ वर एनजिनएक्स दिसतोय का तेही. डेबियन १२ च्या कर्लमध्ये एचटीटीपी/३ बांधलेलं नाही, त्यामुळे त्याने तपासायला जाऊ नका. लॉग_फॉरमॅट मध्ये $एचटीटीपी३ हा व्हेरिएबल घाला, क्विकवरून आलेल्या विनंतीला तिथे एच३ उमटतं, बाकीच्यांना रेघ.